५१ टक्के त्याचे, ४९ माझे: अटलांटात रिअल इस्टेट कंपनी काढताना

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, तुम्ही ते रिअल इस्टेटचं कसं सुरू केलंत, लायसन्सला किती लागतात, आम्हालाही करायचंय. मोदकाची प्लेट हातात घेऊन एवढं सगळं सांगता येत नाही म्हणून एकदाच लिहून टाकते. हे सगळं जॉर्जिया राज्याचं आहे, तुमच्या राज्यात तास, फिया, नावं सगळंच वेगळं असेल, आणि फिया मधूनमधून बदलतात तेव्हा भरायच्या आधी रिअल इस्टेट कमिशनच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर बघून घ्या.

मी मूळची साताऱ्याची, कामाने अकाउंटंट. नवरा इथलाच, अटलांटाच्या वेस्ट साइडला वाढलेला, ब्लॅक. कंपनी त्याची आहे, म्हणजे कागदोपत्री ५१ टक्के त्याचे आणि ४९ माझे, आणि हे असं का ते पुढे येईल.

तो २०१८ पासून एका मोठ्या ब्रोकरेजमध्ये, म्हणजे ज्या कंपनीच्या नावाखाली एजंट काम करतात तिथे, एजंट होता. कमिशनचा ठरलेला हिस्सा त्यांचा, वर डेस्क फी, म्हणजे तिथे बसायचे पैसे, आणि काम बहुतेक उत्तरेकडे, अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग, म्हणजे आपली मंडळी राहतात तिकडेच. त्याच्या स्वतःच्या जुन्या वस्तीत मात्र कंपनीला फारसा रस नव्हता. तिथली घरं स्वस्त, त्यामुळे कमिशन कमी, आणि कागदांची भानगड जास्त. त्याच वेळी बेल्टलाइन आली, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गावर जो चालायचा-सायकलचा पट्टा केलाय तो, आणि त्याच्या आसपासच्या घरांवर सगळ्यांचा डोळा गेला. सासूबाईंच्या पोस्टाच्या पेटीत आठवड्याला चारपाच कार्डं पडायची. पिवळी, हाताने लिहिल्यासारखी दिसणारी पण छापलेली, 'तुमचं घर रोखीने घेतो, दुरुस्ती नको, सात दिवसांत पैसे'. त्यांनी ती टाकून दिली नव्हती, रबरबँड लावून फ्रिजवर गठ्ठा करून ठेवली होती. 'कोण कोण टपून बसलंय ते माहीत असलेलं बरं,' म्हणायच्या.

या शहरात ब्लॅक लोकांनी स्वतःच्या वस्तीसाठी रिअल इस्टेट करणं काही नवीन नाही. ऑबर्न अव्हेन्यूवर सिटिझन्स ट्रस्ट बँक १९२१ मध्ये उघडली, गोऱ्या बँका कर्ज देत नव्हत्या म्हणून. गोऱ्या ब्रोकरांच्या बोर्डात, म्हणजे त्यांच्या संघटनेत, घेत नव्हते म्हणून इथल्या ब्लॅक ब्रोकरांनी १९३९ मध्ये एम्पायर रिअल इस्टेट बोर्ड काढलं आणि १९४७ मध्ये देशभरातल्यांनी मिळून नॅरेब ही संघटना. रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने ब्लॅक सभासदांना दार उघडलं ते १९६१ मध्ये आणि जुन्या वागण्याची माफी मागितली २०२० मध्ये. कॉलियर हाइट्स ही अख्खी वस्ती ब्लॅक बिल्डरांनी ब्लॅक कुटुंबांसाठी उभी केलेली आहे, आजही तिथली विटांची बैठी घरं बघण्यासारखी आहेत. आणि डिसेंबर १९६२ मध्ये याच शहराच्या महापालिकेने पेटन रोडवर भिंत घातली होती, एका ब्लॅक डॉक्टरने पलीकडच्या गोऱ्या वस्तीत घर घ्यायचं ठरवलं म्हणून. मार्च १९६३ मध्ये कोर्टाने ती बेकायदा ठरवल्यावर पाडली. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडून हे ऐकल्यावर नवऱ्याला 'आपली कंपनी काढायची' असं का वाटतं ते मला जास्त समजवून सांगावं लागलं नाही.

तर आधी माझं लायसन्स. २०२० मध्ये सगळे घरातच होते तेव्हा मी ऑनलाइन ७५ तासांचा कोर्स लावला, साधारण तीनशे डॉलर. आई फोनवर म्हणाली, अगं आपल्याकडे दोन टक्के घेणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्याला परीक्षा कसली? (आता महारेराने तिकडेही एजंटांना परीक्षा लावलीये, आईला मुद्दाम सांगितलं.) परीक्षा १५२ प्रश्नांची, १०० देशपातळीवरचे आणि ५२ जॉर्जियाचे. देशपातळीचा भाग सोपा जातो, गणित तर आपल्याला हातचा मळ. अडकतात लोक ते राज्याच्या भागात, कारण तिथे पाठांतर आहे, कुठली गोष्ट किती दिवसांत कळवायची, पैसे कुठल्या खात्यात, जाहिरातीत कंपनीचं नाव कसं. त्यामुळे तो भाग शेवटच्या आठवड्यात ठेवू नका.

पास झाल्यावर आराम करू नका. तीन महिन्यांच्या आत लायसन्सचा अर्ज केला तर फी १७० डॉलर, नंतर ती दुप्पट, आणि वर्ष उलटलं तर परीक्षाच परत. सोबत पोलिस रेकॉर्डचा रिपोर्ट लागतो तो ६० दिवसांपेक्षा जुना चालत नाही, म्हणजे फार लवकर काढूनही उपयोग नाही. परीक्षेची तारीख मिळाली की मग शेरीफच्या ऑफिसात जायचं, हा क्रम बरोबर. आणि पहिल्या वर्षात २५ तासांचा आणखी एक कोर्स असतो तो बरेच जण विसरतात. हो आणि एच-वन व्हिसावर असाल तर हे साइडला करता येईल असं समजू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मंडळातल्या काकांना नाही.

स्वतःची कंपनी काढायला मात्र ब्रोकरचं लायसन्स लागतं. त्यासाठी मागच्या पाच वर्षांत किमान तीन वर्षं चालू लायसन्स हवं, ६० तासांचा कोर्स आणि वेगळी परीक्षा. नवऱ्याने ते २०२२ च्या शरद ऋतूत केलं. दिवसभर लोकांना घरं दाखवायची आणि रात्री किचन टेबलवर ट्रस्ट अकाउंटचे (ते काय ते पुढे येईल) नियम, त्या दोन महिन्यांत आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नानंतर पहिल्या वर्षातही झाली नव्हती.

डिसेंबरमध्ये एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, रजिस्टर केली. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर ऑनलाइन १०० डॉलर, नंतर दरवर्षी १ एप्रिलच्या आत ठरलेली फी भरून नोंद ताजी करायची. टॅक्सचा नंबर, म्हणजे ईआयएन, आयआरएसकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट गूगलवर सगळ्यात वर येतात त्यांच्या नादी लागू नका. शहराच्या बिझनेस लायसन्ससाठी दोन अॅफिडेव्हिट नोटरीसमोर सही करून द्यावी लागतात, एक ई-व्हेरिफायचं, म्हणजे नोकरांना इथे काम करायचा हक्क आहे का ते तपासण्याबद्दलचं, आणि एक कायदेशीर रहिवासाचं. जन्मापासून इथला असलेल्या नवऱ्यालाही ते दुसरं द्यावं लागलं, तेव्हा मी मनातल्या मनात जरा खूश झाले, खोटं कशाला बोलू.

आता जुनी कंपनी सोडणं. हे कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहिते. एजंटने मिळवलेली लिस्टिंग, म्हणजे विकायला हातात घेतलेलं घर, एजंटची नसते, ब्रोकरेजची असते. तुम्ही निघालात की ती तिथेच राहते. नवऱ्याच्या चालू लिस्टिंग तिथे राहिल्या, आणि आधीच करार झालेल्या घरांच्या कमिशनचा हिस्सा यायलाही खूप दमवलं त्यांनी, ईमेलला उत्तर नाही, मग 'अकाउंट्सला पाठवलंय', मग अकाउंट्सवाली सुट्टीवर. शेवटी त्याच्या मूळ करारातलं कलम दाखवून वकिलाचं पत्र गेलं तेव्हा चेक आला. सोडायच्या आधी तुमचा करार काढून वाचा, निघाल्यावर कुठल्या कमिशनचे किती टक्के मिळणार ते त्यात लिहिलेलं असतं. आणि लायसन्स नव्या कंपनीकडे महिन्याभरात हलवावं लागतं, नाहीतर ते इनअॅक्टिव्ह होतं, मग कामच बंद.

कंपनीचं लायसन्स, ट्रस्ट अकाउंट, दोन्ही एमएलएस (विक्रीला असलेल्या घरांची एजंटांची सामाईक यादी, अटलांटात दोन आहेत, एफएमएलएस आणि जॉर्जिया एमएलएस, आणि खरं तर दोन्ही घ्यावी लागतात), असोसिएशनची वर्गणी, चुका झाल्या तर म्हणून इन्शुरन्स, जो इथे कायद्याने सक्तीचा नाही पण त्याशिवाय झोप लागली नसती, पाटी, वेबसाइट, सगळं धरून पहिल्या तीन महिन्यांत साताठ हजार डॉलर गेले. ट्रस्ट अकाउंट म्हणजे खरेदीदाराने दिलेले बयाण्याचे पैसे ठेवायचं खातं. ते कंपनीच्या पैशात एक सेंटही मिसळायचं नाही आणि खात्याची माहिती रिअल इस्टेट कमिशनला कळवायची. ते आम्ही सिटिझन्स ट्रस्टमध्ये उघडलं, नवऱ्याचा हट्ट. हिशोब मी बघते आणि महिन्याच्या महिन्याला जुळवते, हे काम पुढच्या महिन्यावर टाकण्यासारखं नाही, लायसन्स जायची जी कारणं आहेत त्यात हे अगदी वरचं.

मार्च २०२३ मध्ये पाटी लागली आणि मग शांतता. व्याजदर चढत होते, त्या ऑक्टोबरात ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर पावणेआठच्याही वर गेला. ज्यांच्याकडे तीन टक्क्यांचं जुनं कर्ज ते घर विकेनात आणि ज्यांना घ्यायचं त्यांना हप्ता परवडेना. घर चालत होतं ते माझ्या नोकरीवर. ज्याला कोणाला हे करायचंय त्याने निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून मगच उडी मारा, हे मी अकाउंटंट म्हणून सांगतेय.

त्या रिकाम्या दिवसांत सासूबाईंनी चर्चमध्ये सांगून टाकलं, माझा मुलगा आणि सून रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये बसतील, घराचे कागद घेऊन या, पैसे पडणार नाहीत. आम्हाला न विचारता. फोल्डिंगचं टेबल, एका बाजूला तळलेलं चिकन आणि मॅकरोनी, दुसऱ्या बाजूला आम्ही. पहिल्याच रविवारी एक सत्तरीतल्या बाई बिस्किटांच्या डब्यातून कागद घेऊन आल्या, टॅक्सच्या पावत्या, नवऱ्याचं डेथ सर्टिफिकेट, आणि घराची डीड, म्हणजे मालकीचा कागद, तीवर नाव सासऱ्यांचं. सासरे जाऊन चाळीस वर्षं झालेली. टॅक्स या भरतायत, छप्पर यांनी घातलं, आणि कागदावर यांचं नावच नाही.

मला तिथेच हसू आणि रडू एकदम आलं कारण हे तर आपलं सातबाऱ्याचं आहे! आमच्या गावच्या जमिनीवर अजून पणजोबांचं नाव, खाली वारसांची शेपटी, त्यातले दोघे मुंबईत आणि एक कुठे आहे कोणालाच माहीत नाही. इथे याला एअर्स प्रॉपर्टी म्हणतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला की घर सगळ्या वारसांचं सामाईक होतं. मग त्यावर कर्ज मिळत नाही, दुरुस्तीचं अनुदान मिळत नाही, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या. ब्लॅक कुटुंबांत हे जास्त दिसतं, कारण कितीतरी पिढ्या वकिलांवर आणि कोर्टावर विश्वास ठेवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आणि खरा धोका याच्या पुढे आहे. ओहायोतल्या कुठल्यातरी चुलतभावाकडून, ज्याने हे घर कधी पाहिलंही नाही, त्याचा हिस्सा एखादा गुंतवणूकदार किरकोळ पैशात घेतो आणि कोर्टात वाटणीचा दावा लावतो. घराचे तुकडे करता येत नाहीत म्हणून कोर्ट विकायला लावायचं, तेही पडत्या भावात. जॉर्जियाने २०१२ मध्ये यासाठी कायदा केला, आता कोर्टाला आधी किंमत ठरवून घ्यावी लागते आणि बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी मिळते. पण ही संधी आहे हे माहीत तर हवं, आणि मुदतीत पैसे उभे करता यायला हवेत.

आम्ही वकील नाही, कायद्याचा सल्ला देणं आम्हाला चालतच नाही, ते लायसन्सवर येतं. आम्ही काय करतो तर कागद लावून देतो, वंशावळ काढतो (यात मी पटाईत निघाले, साताऱ्याच्या तलाठी ऑफिसातला अनुभव), काउंटीच्या साइटवरून डीड काढतो, टॅक्स थकलाय का बघतो, आणि मग जॉर्जिया एअर्स प्रॉपर्टी लॉ सेंटरकडे किंवा एखाद्या प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काच्या, वकिलाकडे पाठवतो. काही गोष्टी मात्र मी आता सगळ्यांना सांगते. नवरा किंवा बायको गेली असेल तर 'इयर्स सपोर्ट' नावाचा अर्ज असतो, त्यातून घर मागे राहिलेल्या जोडीदाराच्या नावावर होऊ शकतं, पण तो मृत्यूनंतर २४ महिन्यांच्या आत करावा लागतो. राहत्या घराची टॅक्स सवलत, होमस्टेड, १ एप्रिलच्या आत मागायची, नाव डीडवर नसेल तर ती मिळवायलाही झगडावं लागतं. टॅक्स थकून घर लिलावात गेलं तरी १२ महिने सोडवता येतं, पण वर २० टक्के जास्त भरून. आणि इथे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर होतात, अगदी खरोखरच्या पायऱ्यांवर, एक माणूस यादी वाचत उभा असतो आणि समोर फोन कानाला लावलेले दहाबारा लोक. मी एकदा बघायला गेले होते, पत्ते ऐकताना दोन ओळखीच्या रस्त्यांची नावं आली.

या टेबलावर एक डॉलर मिळत नव्हता. नवऱ्याला मी म्हटलं, हे चांगलं काम आहे पण याने लाइट बिल भरत नाही. तो म्हणाला थांब. आणि झालं असं की ज्या बाईंचे कागद लागले त्यांच्या नातवाला घर घ्यायचं होतं, तो आमच्याकडे आला. एका कुटुंबाने नाव लावून झाल्यावर ठरवलं की विकायचंच, पण बाजारभावाने, लिस्टिंग आमची. रोखीवाल्या कार्डाने देऊ केलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट भाव आला त्या घराला. २०२४ च्या मध्यापर्यंत आमची निम्म्याहून जास्त कामं त्या हॉलमधून आलेली होती. अडीच लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे साडेसात हजार, त्यातून खर्च आणि टॅक्स जाऊन जे उरतं ते उरतं, कोणी लगेच टेस्ला घ्यायला जाऊ नका.

अप्रेझलचा एक प्रसंग सांगते. एका क्लायंटच्या घराचं मूल्यांकन होतं, शिक्षिका आहेत. मी गेले तर त्या स्टुलावर चढून जिन्यातले फोटो उतरवत होत्या, मुलींच्या ग्रॅज्युएशनचे, आजीचा चर्चच्या हॅटमधला. भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते. म्हटलं हे कशाला? त्या म्हणाल्या, 'मागच्या वेळी फोटो होते, किंमत कमी आली. या वेळी घरात कोणीच राहत नाही असं दिसू दे.' तरीही आकडा कमीच आला. मग आम्ही बँकेकडे फेरविचाराचा अर्ज केला, त्याची ठरलेली पद्धत आहे, जवळची, अलीकडे विकलेली, तेवढ्याच आकाराची घरं शोधून पत्त्यासकट द्यायची. अप्रेझरने ज्या घरांशी तुलना केली होती त्यातलं एक हायवेच्या पलीकडे होतं आणि एक पडीक अवस्थेत विकलेलं. महिनाभर गेला, आकडा वर गेला पण आम्ही मागितला तेवढा नाही. रागावून ईमेल लिहू नका, फक्त पत्ते आणि आकडे द्या, तेच चालतं.

ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलला, घर दाखवायच्या आधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, आमची फी किती ते त्यात स्पष्ट. सुरुवातीला लोक बिचकायचे. पण माझ्या मते हे बरं झालं, फीबद्दल आधीच बोलणं होतं.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं, राग मानू नका. मराठी क्लायंट फोन करतात आणि तिसऱ्या वाक्याला विचारतात, एरिया चांगला आहे ना? तिकडे कोण राहतं? १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने मी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, वंशाकडे बघून कोणाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे. शाळांचे आकडे इथे, पोलिसांची आकडेवारी इथे, स्वतः बघा, एवढंच सांगते. एकाने तर माझा नवरा शेजारी बसलेला असताना विचारलं, मराठीत, त्याला कळणार नाही म्हणून. त्याला बरंच कळतं. मुंबईत मटण खाता म्हणून फ्लॅट नाकारला की आपण पेटून उठतो आणि इथे येऊन हे विचारतो. त्या माणसाला घर आम्हीच मिळवून दिलं, चांगलं मिळालं, पण त्या दिवशी गाडीत आम्ही दोघं काही बोललो नाही.

सगळ्यात शेवटी सर्टिफिकेट. मोठ्या कंपन्यांची, संस्थांची कामं हवी असतील तर मायनॉरिटी बिझनेसचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. त्याला किमान ५१ टक्के मालकी आणि खरा कारभार अमेरिकन नागरिक असलेल्या अल्पसंख्याक व्यक्तीकडे हवा. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत भारतीय वंशाचे लोकही बसतात. पण कंपनी ब्लॅक-ओन्ड म्हणवायची तर ५१ त्याचेच हवेत, आणि ते नुसते कागदावर असून भागत नाही. टॅक्स रिटर्न, ऑपरेटिंग अॅग्रीमेंट (कंपनीच्या मालकांमधला करार), बँकेच्या खात्यावर कोणाची सही, सगळं मागतात, मुलाखत घेतात. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, ट्रस्ट अकाउंट कधी जुळवता, किती शिल्लक आहे? मी शेजारी तोंड मिटून बसलेले, उत्तर मला पाठ, आणि बोलायचं नाही! त्याने सांगितलं बरोबर, कारण आदल्या रात्री मी त्याची उजळणी घेतली होती. अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत तीनेक महिने धरा, आणि ऑपरेटिंग अॅग्रीमेंट पहिल्यापासूनच वकिलाकडून नीट करून घ्या, नंतर बदललं की शंका घेतात.

आता आमच्याकडे आणखी दोन एजंट आहेत, दोघीही त्याच वस्तीतल्या, एक आधी पोस्टात होती आणि तिला प्रत्येक घराचा पत्ता तोंडपाठ आहे. ऑफिसचं भाडेपत्र येत्या वर्षी संपतंय. नवऱ्याचं म्हणणं आहे की समोरच्या कोपऱ्यावरची जुनी दोन मजली इमारत घेऊ, खाली आपण, वर भाडेकरू. मी म्हणतेय आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत दिसू दे, मग बोलू. सासूबाई अर्थातच त्याच्या बाजूने आहेत, आणि त्यांनी मला न विचारता त्या इमारतीच्या मालकाला रविवारी जेवायला बोलावलंय.